सी मध्ये फाइल वाचणं आणि लिहिणं : एफओपन ते एफक्लोज, वाटेतल्या खाचखळग्यांसह

सी शिकताना फाइलचा धडा बहुधा शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. फाइल उघडली, दोन ओळी लिहिल्या, बंद केली, स्क्रीनवर काही तक्रार दिसली नाही, म्हणजे जमलं असं आपण धरून चालतो. गोम इथेच आहे. सीची स्टँडर्ड लायब्ररी स्वतःहून तक्रार करतच नाही. फाइल सापडली नाही, डिस्क भरली, ओळ अर्धीच वाचली गेली, काहीही झालं तरी ती एक किंमत परत करते आणि गप्प बसते. ती किंमत तपासायची की नाही, हे तुमच्यावर सोडलेलं असतं.

या स्वभावाला इतिहास आहे. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या आयओ पॅकेजातून ही लायब्ररी घडत गेली, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये स्थिरावली आणि १९८९ मध्ये सीच्या पहिल्या अमेरिकन प्रमाणकात आली. भाषेत एक्सेप्शन (चूक झाली की प्रोग्रामचा नेहमीचा क्रम आपोआप थांबवणारी यंत्रणा) नावाची सोय नव्हती, आजही नाही. त्यामुळे चूक कळवायला रिटर्न व्हॅल्यू हाच मार्ग उरतो.

आपण एक छोटा प्रोग्राम टप्प्याटप्प्याने उभा करू. एका मजकूर फाइलमध्ये तापमानाच्या नोंदी आहेत, प्रत्येक ओळीत आधी तास आणि मग तापमान. त्या वाचायच्या, सरासरी काढायची आणि निकाल दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचा. फंक्शनांची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांत, सलग लिहायची आणि वरती एसटीडीआयओ डॉट एच ही हेडर फाइल जोडायची.

पहिला टप्पा : फाइल उघडणं

एफओपनला दोन गोष्टी द्यायच्या, फाइलचं नाव आणि मोड. ते परत देतं एक पॉइंटर, ज्याचा प्रकार फाइल-स्टार. हा पॉइंटर ज्या स्ट्रक्चरकडे बोट दाखवतो त्याच्या आत काय आहे ते प्रत्येक लायब्ररीचं वेगळं असतं, आणि त्यात हात घालायचा नाही. पण आत ढोबळमानाने काय असतं ते माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं: ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला क्रमांक, एक बफर (मजकूर तात्पुरता साठवायची जागा), फाइलमध्ये आपण कुठवर आलो ती जागा, आणि दोन खुणा. एक खूण सांगते की फाइल संपली, दुसरी सांगते की काहीतरी चुकलं. या दोन खुणांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मोडची मूळ अक्षरं तीनच: वाचायला आर, नव्याने लिहायला डब्ल्यू, शेवटी जोडायला ए. डब्ल्यूबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधीची फाइल रिकामी होते ती तुम्ही पहिलं अक्षर लिहिता तेव्हा नव्हे, उघडता त्याच क्षणी. पुढे प्रोग्राम काही न लिहिता बंद पडला तरी जुना मजकूर गेलेला असतो. हे नको असेल तर २०११ च्या प्रमाणकापासून डब्ल्यूच्या शेवटी एक्स जोडता येतो. मग त्या नावाची फाइल आधीच असेल तर उघडणंच फसतं. ए मोडमध्ये तुम्ही मध्ये कुठेही सरकलात तरी लिखाण शेवटीच जाऊन पडतं. लॉग फाइलला हेच हवं असतं.

अक्षरापुढे अधिकचं चिन्ह दिलं तर वाचणं आणि लिहिणं दोन्ही करता येतं. आर-अधिक असलेली फाइल उघडतं आणि तिला पुसत नाही, नसलेली तयार करत नाही. मात्र वाचनावरून लिखाणावर येताना मध्ये एफसीक (फाइलमधली जागा बदलणं) किंवा रिवाइंड (सुरुवातीला परतणं) करावंच लागतं (फाइलचा शेवट आधीच गाठला असेल तर तेवढी सूट आहे), आणि लिखाणावरून वाचनावर जाताना एफफ्लश (बफरमधला मजकूर पुढे पाठवणं) किंवा एफसीक. हा नियम पाळला नाही तर काय होईल ते प्रमाणक सांगत नाही. माझा सल्ला विचाराल तर नवशिक्याने अधिकच्या मोडच्या वाटेला जाऊ नये. एक फाइल वाचा, दुसरी लिहा, मग नाव बदला. ते कसं, हे पुढे येतंच.

उघडल्यावर पहिलं काम: पॉइंटर नल (कशाकडेही बोट न दाखवणारा) आहे का ते पाहणं. नल असेल तर लगेच पीएररला फाइलचं नाव देऊन बोलवा. ते एररनो या चलातला क्रमांक पाहून कारण शब्दांत छापतं. लिनक्सवर २ म्हणजे तशी फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. ‘लगेच’ म्हणण्याला अर्थ आहे, कारण मधल्या कुठल्याही फंक्शनमुळे, अगदी प्रिंटएफमुळेसुद्धा, एररनोमधला क्रमांक बदलू शकतो.

फाइल तर समोर दिसतेय, तरी सापडत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच: नुसतं नाव दिलं की शोध चालू फोल्डरमध्ये होतो, आणि तो फोल्डर म्हणजे तुमचा कोड जिथे आहे तो नव्हे, प्रोग्राम जिथून चालवला तो. एडिटरमधलं बटण दाबून चालवलं तर तो भलताच असू शकतो. विंडोजवर आणखी एक भानगड होते. पाथमधली उलटी तिरकी रेघ सीच्या स्ट्रिंगमध्ये पुढच्या अक्षराला गिळते. तिच्यापुढे टी आला की झाला टॅब, एन आला की झाली नवी ओळ. ती रेघ दोनदा लिहा, नाहीतर सरळ सुलटी तिरकी रेघ वापरा. ती विंडोजवरही चालते.

दुसरा टप्पा : ओळ वाचणं

मजकूर फाइलसाठी एफगेट्स. त्याला आपला बफर (कॅरचा अ‍ॅरे, फाइलच्या आतला बफर नव्हे), बफरचा आकार आणि फाइल पॉइंटर द्यायचा. आकार १२८ दिला तर ते जास्तीत जास्त १२७ बाइट वाचतं आणि शेवटी शून्याचा बाइट लावतं, म्हणजे बफर ओसंडत नाही. याचं जुनं भावंड गेट्स, त्याला बफर केवढा आहे हेच सांगायची सोय नव्हती. कितीतरी सुरक्षाभंगांचं मूळ ठरल्यावर २०११ च्या प्रमाणकातून ते काढून टाकलं गेलं. जुन्या पुस्तकात दिसलं तर पान उलटा.

वाचनाचा लूप असा लिहायचा:

व्हाइल (एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, फा) != नल)

म्हणजे वाचणं हीच लूपची अट. याऐवजी अनेक जण अटीत ‘एफईओएफ नाही तोवर’ असं लिहितात आणि शेवटची ओळ दोनदा का येते म्हणून डोकं धरून बसतात. नेमकं काय होतं ते तीन ओळींच्या फाइलवर पाहू. पहिली, दुसरी, तिसरी ओळ वाचून झाली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह होतं, तिथे एफगेट्स थांबलं. त्यापुढे काही नाही हे त्याला अजून ठाऊकच नाही, कारण त्याने पुढे पाहिलेलंच नाही. त्यामुळे संपल्याची खूण लागलेली नाही आणि एफईओएफ शून्य सांगतं. लूप चौथ्यांदा आत शिरतो, एफगेट्स पुढे वाचायला जातं, काही मिळत नाही, नल देतं आणि खूण आता लागते. पण बफरला त्याने हात लावलेला नसतो. तिथे तिसरी ओळच पडून असते, आणि नल न तपासणारा कोड ती पुन्हा मोजतो. आपल्या सरासरीत शेवटचं तापमान दोनदा धरलं जातं. उत्तर थोडंसंच चुकतं, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

एफईओएफची जागा लूपच्या नंतर. नल दोन कारणांनी येतं, फाइल संपली म्हणून किंवा वाचताना चूक झाली म्हणून. लूप संपल्यावर एफएररला विचारायचं. त्याने शून्याखेरीज काही दिलं तर अर्धवट वाचलेल्या नोंदींवरून सरासरी छापायची नाही, चूक सांगून बाहेर पडायचं.

एफगेट्स नव्या ओळीचं चिन्ह बफरमध्ये तसंच ठेवतं. ते काढायला एसटीआरसीस्पॅन वापरतात: त्या चिन्हाची जागा काढायची आणि तिथे शून्य ठेवायचं. चिन्ह नसलंच तरी हे सुरक्षित आहे, कारण मग जागा स्ट्रिंगच्या शेवटची येते. पण काढण्याआधी ते होतं का, हे पाहून ठेवा. चिन्ह नसेल तर दोन शक्यता: फाइलची शेवटची ओळ तशीच संपली आहे, किंवा ओळ बफरपेक्षा लांब आहे आणि उरलेला तुकडा पुढच्या फेरीत वेगळी ओळ म्हणून येणार आहे. दुसरी शक्यता न सांभाळल्यामुळे एका नोंदीच्या दोन नोंदी होतात.

देवनागरी मजकूर वाचणाऱ्यांनी इथे जरा जास्त जपावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना-मात्रा, अनुस्वार, हलंत यांचे तीन-तीन वेगळे. ‘नोंदी’ हा शब्द म्हणजे न, ओकार, अनुस्वार, द आणि दीर्घ ईकार, एकूण १५ बाइट. एफगेट्स बाइट मोजतं, अक्षरं नाही, त्यामुळे छोटा बफर एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटू शकतो. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची अदृश्य खूणही ठेवतात. पहिलीच ओळ विनाकारण नापास होत असेल तर तिथे पाहा.

एक एक बाइट वाचायचा असेल तर एफगेटसी. त्याचं उत्तर इंट प्रकारच्या चलातच ठेवा, कॅरमध्ये नको. ते ० ते २५५ पैकी एक किंमत देतं, आणि फाइल संपली की ईओएफ ही ऋण किंमत, बहुधा -१. म्हणजे २५७ वेगवेगळी उत्तरं, आणि कॅरमध्ये मावतात २५६. कॅर चिन्हासहित असेल तर फाइलमधला २५५ हाच बाइट -१ दिसतो आणि वाचन मध्येच थांबतं. कॅर बिनचिन्हाचा असेल, जसा एआरएमवरच्या लिनक्समध्ये सहसा असतो, तर ईओएफ कधी जुळतच नाही आणि लूप संपत नाही. एकच कोड, दोन मशिनांवर दोन वेगळे आजार.

तिसरा टप्पा : ओळीतून आकडे काढणं

एफस्कॅनएफ थेट फाइलमधून आकडे काढतं, म्हणून मोह होतो. पण आकड्याच्या जागी अक्षर आलं की ते तिथेच अडतं, पुढे सरकत नाही, आणि रिटर्न व्हॅल्यू नीट न पाहणारा लूप त्याच अक्षरावर अनंतकाळ फिरत राहतो. त्यापेक्षा एफगेट्सने अख्खी ओळ घ्या आणि मग तिच्यावर एसस्कॅनएफ चालवा. ओळ खराब निघाली तरी ती वाचून झालेली असते, पुढची ओळ स्वच्छ मिळते, आणि कितव्या ओळीत घोळ आहे हेही सांगता येतं.

एसस्कॅनएफ किती किमती मिळाल्या तो आकडा देतं. आपल्याला तास आणि तापमान हवं आहे, म्हणून उत्तर २ च असायला हवं. १ आलं तर तापमान नाही, ० आलं तर सुरुवातच चुकीची, ओळ रिकामी असेल तर ईओएफ. ‘शून्य नाही ना’ एवढंच पाहणारी अट इथे फसते, कारण १ आणि -१ दोन्ही तिच्यातून सहज सुटतात. तापमानाचं चल डबल असेल तर फॉरमॅटमध्ये एलएफ लागतो. नुसता एफ दिला तर फंक्शन ती जागा फ्लोट समजून लिहितं आणि भलतंच काहीतरी हाती येतं. कंपाइलरला वॉल हा इशाऱ्यांचा पर्याय दिला की तो हे आधीच सांगतो. आकड्यांच्या काटेकोर तपासणीसाठी एसटीआरटीओडी चांगलं. आकडा कुठे संपला तो पॉइंटर ते देतं, म्हणजे त्यापुढे कचरा आहे का ते पाहता येतं.

चौथा टप्पा : लिहिणं, आणि बफर नावाची मधली खोली

लिहायला एफप्रिंटएफ किंवा एफपुट्स. सरासरी काढण्याआधी नोंदींची संख्या शून्य नाही ना ते पाहायचं, मग दोन दशांश स्थळांपर्यंत छापायचं. हे झालं सरळ.

जे सरळ नाही ते असं: एफप्रिंटएफ परत आलं म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं नाही. तो बफरमध्ये गेला. बफर भरला, एफफ्लश केलं, फाइल बंद केली किंवा प्रोग्राम नीट संपला, की तो पुढे ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. कारण साधं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्येक हाक मारणं महाग पडतं. एफपुटसीने एक लाख बाइट एकेक करून लिहा आणि प्रोग्राम लिनक्सवर एसट्रेस (ऑपरेटिंग सिस्टिमला मारलेल्या हाका दाखवणारं साधन) याखाली चालवून पाहा. बफर ४०९६ बाइटचा असेल तर एक लाख नव्हे, २५ च राइट कॉल दिसतील.

याची किंमत क्रॅश झाल्यावर मोजावी लागते. प्रोग्राम मध्येच कोसळला तर बफरमधलं जे पुढे गेलं नाही ते गेलं. म्हणून कोड कुठवर पोचला हे पाहायला प्रिंटएफ टाकणाऱ्यांची दिशाभूल होते. एसटीडीआउट (प्रिंटएफ जिथे लिहितं तो स्ट्रीम) टर्मिनलवर ओळीगणिक रिकामं होतं, पण तेच फाइलकडे वळवलं की बफर भरेपर्यंत थांबून राहतं, आणि शेवटची छापलेली ओळ खऱ्या जागेच्या बरीच अलीकडची निघते. असले निरोप एसटीडीएरर या चुकांसाठीच्या वेगळ्या स्ट्रीमवर पाठवा. ते सुरुवातीपासून पूर्ण बफर करत नाही.

एफफ्लशच्याही मर्यादा आहेत. ते मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतं. तिथून प्रत्यक्ष डिस्कवर जायला आणखी वेळ लागू शकतो, आणि मध्ये वीज गेली तर तो हरवतो. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीचं प्रमाणक) पाळणाऱ्या सिस्टिमवर त्यासाठी वेगळा एफसिंक कॉल आहे. आणि एफफ्लशला एसटीडीइन देऊन कीबोर्डवरचा उरलासुरला कचरा साफ करायची जी युक्ती वर्गावर्गांतून शिकवली जाते, तिला प्रमाणकाचा आधार नाही. एका कंपाइलरवर चालते, दुसऱ्यावर नाही.

पाचवा टप्पा : बंद करणं

एफक्लोजलाही रिटर्न व्हॅल्यू असते आणि ती तपासणारे फार थोडे. शून्य म्हणजे ठीक, ईओएफ म्हणजे गडबड. छोट्या फाइलचा सगळा मजकूर बफरमध्येच मावतो, त्यामुळे डिस्क भरलेली आहे हे कळण्याचा पहिला आणि शेवटचा क्षण एफक्लोजचाच असतो. सगळे एफप्रिंटएफ यशस्वी, आणि फाइल मात्र रिकामी, हे अगदी शक्य आहे. वाचायला उघडलेल्या फाइलसाठी एवढी काळजी नको. लिहायला उघडलेलीसाठी हवीच.

बंद केल्यावर तो पॉइंटर मेला. पुन्हा वापरू नका, पुन्हा बंद करू नका. आणि चूक होऊन मध्येच बाहेर पडतानाही फाइली बंद करायला विसरू नका. फंक्शनच्या शेवटी एक आवराआवरीची जागा ठेवून गोटूने तिथे उडी मारणं ही सीमधली रूढ आणि चांगली पद्धत आहे, गोटूबद्दल काही का ऐकलेलं असेना. एकाच वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतात यालाही हद्द असते. प्रमाणक फक्त ८ ची हमी देतं, त्यातही तीन स्टँडर्ड स्ट्रीम धरून. प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त चालतात, पण लूपमध्ये उघडून बंद न करणारा कोड ती हद्दही गाठतो.

बायनरी फाइली, थोडक्यात

मोडमध्ये बी जोडायचा आणि एफरीड, एफराइट वापरायचं. दोघंही बाइट नव्हे तर नगांची संख्या परत देतात, म्हणून बाइटमध्ये हिशेब हवा असेल तर नगाचा आकार १ द्या. युनिक्सवर बीने फरक पडत नाही. विंडोजवर पडतो. तिथे मजकूर मोडमध्ये नव्या ओळीच्या चिन्हाचे लिहिताना दोन बाइट होतात, आणि वाचताना २६ क्रमांकाचा बाइट आला की फाइल संपली असं समजलं जातं. चित्राची फाइल बीशिवाय वाचली तर ती मध्येच तुटते ती यामुळे.

अख्खं स्ट्रक्चर एफराइटने फाइलमध्ये ओतणं सोपं दिसतं, पण ती फाइल दुसरीकडे वाचता येईलच असं नाही. एक कॅर आणि एक इंट असलेलं स्ट्रक्चर ५ बाइटचं वाटतं, बहुतेक मशिनांवर ८ चं असतं, कारण कंपाइलर मध्ये तीन बाइट भरतो. शिवाय इंटमधल्या बाइटांचा क्रम प्रोसेसरवर ठरतो. फाइल त्याच मशिनवर, त्याच प्रोग्रामने परत वाचायची असेल तरच हा मार्ग धरा. एरवी एकेक घटक ठरावीक क्रमाने बाइट-बाइट लिहा, किंवा सरळ मजकूर फाइल वापरा.

एफसीकने हवं तिथे सरकता येतं आणि एफटेल आत्ताची जागा सांगतं. हे लाँग प्रकारात चालतं. ६४ बिटी विंडोजवरही लाँग ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे २ जीबीच्या पुढे हिशेब कोसळतो. मोठ्या फाइलींसाठी पॉझिक्सवर एफसीको आहे, विंडोजवर त्याचं वेगळं ६४ बिटी रूप.

जुनी फाइल न गमावता नवी लिहिणं

आपला निकाल रोज त्याच नावाच्या फाइलमध्ये जातो असं धरू. डब्ल्यूने उघडली की जुना निकाल गेला, आणि नवा लिहिताना काही बिनसलं तर हातात काहीच उरत नाही. म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल उघडा, सगळं लिहा, एफफ्लश तपासा, जमल्यास एफसिंक करा, एफक्लोज तपासा, आणि हे सगळं सुरळीत झालं तरच रीनेमने तिला खरं नाव द्या. एकही पायरी फसली तर रिमूव्हने तात्पुरती फाइल काढून टाका. जुनी फाइल शाबूत राहते. पॉझिक्सवर रीनेम हे एका फटक्यात होतं. वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धीमुर्धी कधीच नाही. फोल्डर तोच हवा, कारण एका डिस्कवरून दुसरीवर रीनेम होत नाही. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीचं रीनेम नकार देतं. तिथे विंडोजचं स्वतःचं फाइल बदलणारं फंक्शन वापरावं लागतं.

मुद्दाम बिघडवून पाहणं

कोड तयार झाला की त्याला चांगली फाइल देऊन समाधान मानू नका. नसलेली फाइल द्या. रिकामी द्या, म्हणजे शून्याने भागाकार होतो का ते कळेल. शेवटच्या ओळीला नव्या ओळीचं चिन्ह नसलेली द्या. बफरपेक्षा लांब ओळ घाला, तापमानाच्या जागी शब्द घाला.

लिनक्सवर असाल तर फाइलच्या नावाऐवजी एखाद्या फोल्डरचं नाव द्या. एफओपन आर मोडमध्ये तो बिनतक्रार उघडतं, नल येत नाही. पहिल्याच एफगेट्सला नल येतं आणि एररनोमध्ये २१ असतो, म्हणजे हा फोल्डर आहे. लूपनंतर एफएरर तपासलं नसेल तर तुमचा प्रोग्राम शांतपणे म्हणेल की नोंदी शून्य आहेत.

लिखाणाच्या बाजूसाठी लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरमधली फुल नावाची खास फाइल आहे. तिच्यात काहीही लिहा, डिस्क भरली असंच उत्तर येतं. तात्पुरती फाइल आणि रीनेम हा भाग बाजूला ठेवून, लिहिणारं फंक्शन थेट तिच्यावर सोडा. एफप्रिंटएफ ठीक म्हणेल, एफक्लोज ईओएफ देईल, आणि पीएरर जागा उरली नसल्याचं छापेल. त्यानंतर प्रोग्रामचा एक्झिट कोडही पाहा. चूक छापूनही मेन शून्य परत करत असेल तर ज्या स्क्रिप्टने त्याला चालवलं तिला सगळं आलबेल वाटतं. तिथे एक्झिट फेल्युअर परत करा.